१९९१ ची ट्रेक ९५० पुन्हा वाटेवर आणायची आहे: सीटपोस्ट जाम, खटका मेलेला, पार्ट कुठे शोधू?

खडीचा_रस्ता (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

मंडळी, ट्रेक ९५० ही एक जुनी माउंटन बाइक हाती आली आहे. लगवाली (नळ्या सांध्यांवर बाह्यांनी जोडलेली) स्टील फ्रेम, २६ इंची चाके, पुढे साधा स्टीलचा चिमटा (फोर्क), गिअर ३ × ७. जवळजवळ सगळे पार्ट शिमानोच्या डिओर डीएक्स मालिकेतले. मागच्या डेरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) आतल्या अंगाला ‘पी डी’ अशी दोन अक्षरे कोरलेली आहेत.

सद्यस्थिती अशी:

१. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) फ्रेममध्ये जाम. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढला तरी केसभर हलत नाही. ८ सेंमी बाहेर आहे, बाकी आत.
२. उजवा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलणारा भाग) मेला आहे. दोन्ही खटके अंगठ्यानेच दाबायचे, तो पहिल्या पिढीचा रॅपिडफायर. मोठा खटका नुसताच हवेत फिरतो. डावा ठीक.
३. मागच्या हबमध्ये खरखर, बॉटम ब्रॅकेटमध्ये (बीबी, पेडलच्या क्रँकचा मधला एक्सल आणि बेअरिंग) थोडा खेळ.
४. कॅन्टिलिव्हर ब्रेक (रिमच्या दोन बाजूंचे आर्म मधल्या केबलने वर ओढले जातात ते) किंचाळतात, रबर दगड झाले आहेत.
५. टायरच्या कडा फाटल्या आहेत. चेनस्टेवर (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) वरवरचा गंज.

प्रश्न: डिओर एक्सटी मालिकेतले एम७३२ थंब शिफ्टर (हँडलच्या वर बसणारे, अंगठ्याने फिरवायचे) विकायला दिसलेत, हातचे जाण्याआधी घेऊन टाकू का? रंग पूर्ण काढून पावडर कोटिंग करावे का? आणि कॅन्टिलिव्हर फेकून व्ही-ब्रेक (लांब आर्मचे, नंतरच्या पद्धतीचे रिम ब्रेक) लावले तर? बजेट ३०० डॉलर. वापर रविवारच्या मातीच्या वाटांपुरता.

---

लेथवाला (पिंपरी)

शिफ्टर राहू द्या. सीटपोस्ट निघेपर्यंत या सायकलवर एक डॉलरही घालू नका. तो निघाला नाही, किंवा काढताना ट्यूब पिचली, तर हातात फक्त सुट्या भागांचा ढीग उरेल.

त्याआधी १० मिनिटे फ्रेम तपासा. डाउनट्यूबच्या (हँडलकडून बीबीकडे उतरणारी नळी) खालच्या अंगाने, हेडट्यूबपासून (चिमटा ज्यात फिरतो ती पुढची नळी) ५ सेंमीपर्यंत बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा ट्यूबला फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे, तिथेच थांबा. चेनस्टे बीबी शेलला (बीबी बसते ती आडवी नळी) जिथे जोडले आहेत तिथे आणि सीटट्यूबच्या (सीटपोस्ट जिच्यात जातो ती नळी) वरच्या खाचेच्या तळाशी बारीक चीर पाहा. मग दोऱ्याची चाचणी: एका ड्रॉपआउटला (मागच्या चाकाचा एक्सल बसतो ती खाच) दोरा बांधा, हेडट्यूबला पुढून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा, आणि सीटट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजा. १ ते २ मिमीचा फरक चालतो. ४-५ मिमी आला तर मागचा त्रिकोण वाकडा आहे. स्टील असल्याने तो सरळ होतो, पण ते काम फ्रेम बनवणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

आता सीटपोस्ट. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये घामाचे किंवा पावसाचे खारट पाणी गेले की तिथे छोटी बॅटरी तयार होते. त्यात झिजते ॲल्युमिनियम, आणि त्याचा पांढरा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणजे तो पोस्ट चिकटलेला नाही, पाचर मारल्यासारखा आवळला गेला आहे. त्यामुळे वरून डब्ल्यूडी-४० चे चार फवारे मारून काही होत नाही.

क्रम असा ठेवा.

बाहेर असलेल्या ८ सेंमीवर आत्ताच व्हर्नियर लावून चार ठिकाणी व्यास मोजा आणि लिहून ठेवा. नंतर पोस्टचे तुकडे झाले की हे माप कुठेच मिळणार नाही.

क्रँक आणि बीबी काढा. क्रँकचा बोल्ट १४ मिमी सॉकेटने निघतो. एक्स्ट्रॅक्टर (क्रँक ओढून काढायचे हत्यार) लावण्याआधी बोल्टखालचा वायसर निघाला आहे ना हे टॉर्चने बघा. तो आत राहिला तर एक्स्ट्रॅक्टर त्यावर टेकतो आणि क्रँकचे आटे उपटून बाहेर येतात. बीबीची उजवी वाटी उलट्या आट्यांची असते: तिच्याकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. ब्रिटिश आट्यांच्या सगळ्या फ्रेममध्ये असेच असते. इथे चूक झाली की लोक दोन माणसांचा जोर लावून वाटी आणखी आवळतात.

फ्रेम उलटी टांगा आणि बीबी शेलमधून सीटट्यूबमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. उलटी का, तर तेल पोस्टच्या खालच्या टोकाशी साचायला हवे, गंज तिथून वर चढलेला असतो. तीन-चार दिवस रोज थोडे घाला. मग तेल पुसून घरगुती अमोनिया त्याच वाटेने रात्रभर. तो ॲल्युमिनियमचा ऑक्साइड सैल करतो, रंगाला सहसा इजा करत नाही. हे काम मोकळ्या हवेत करा, आणि ब्लीचजवळ अमोनिया कधीही नेऊ नका, विषारी वायू होतो.

त्यानंतर पिळणे. सीट काढा, पोस्टचे डोके बेंच व्हाइसमध्ये घट्ट पकडा (ते चेपेल, चेपू द्या) आणि फ्रेमच पान्याच्या दांड्यासारखी वापरून फिरवा. हेडट्यूब आणि मागचे ड्रॉपआउट दोन्हीकडून धरा, जोर हळूहळू वाढवा, डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून. वर-खाली झुलवू नका, सीटट्यूब ओव्हल होते. ‘कट्’ असा आवाज आला की अर्धे काम झाले.

गरम करण्याचा मोह होईल. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे तापल्यावर पोस्ट आणखी आवळतो. उपयोग गार करण्याचा आहे. पोस्टच्या पोकळीत कोरड्या बर्फाचे तुकडे टाका, १० मिनिटे थांबा आणि लगेच पिळा. हातात जाड मोजे हवेत.

एवढ्यानेही हलला नाही तर करवत. पोस्ट फ्रेमच्या वर २ सेंमी ठेवून कापा. हॅकसॉचे इंचाला २४ दात्यांचे पाते एका बाजूला कापड गुंडाळून हातात धरा आणि आतून उभी चीर पाडत जा. दर १५-२० फेऱ्यांनी टॉर्चने खोली बघा. चिरेत काळसर चमक दिसली म्हणजे स्टील लागले, तिथे थांबा. पहिली चीर पूर्ण झाल्यावर तिच्यापासून साधारण १ सेंमीवर दुसरी पाडा. मधली पट्टी छिन्नीने आत वळवली की उरलेला पोस्ट पक्कडीने चुरगळत बाहेर येतो. कंटाळवाणे काम आहे, तीन-चार तास धरा, पण यात फ्रेमला धोका सगळ्यात कमी.

---

तिरपी_चेन (श्टुटगार्ट)

लेथवाल्यांच्या क्रमाला अनुमोदन. मी शिफ्टर आणि पार्टच्या शोधाबद्दल लिहितो.

आधी तुमची दोन अक्षरे. शिमानोच्या त्या काळातल्या पार्टवर पहिले अक्षर वर्षाचे असते, ए म्हणजे १९७६ आणि तिथून पुढे ओळीने. दुसरे महिन्याचे, ए ते एल. म्हणजे ‘पी डी’ हा एप्रिल १९९१. क्रँक, हब, ब्रेक सगळ्यांवर ही अक्षरे शोधा. दोन-चार महिन्यांच्या फरकात असतील तर पार्ट मूळचे. एखादा वेगळ्याच वर्षाचा निघाला तर तो नंतर बदललेला आहे, आणि त्याच्या मापांवर आंधळा विश्वास ठेवू नका.

उजवा शिफ्टर बहुधा मेलेला नाही. या पिढीच्या रॅपिडफायरमध्ये कारखान्यात भरलेले ग्रीस ३० वर्षांत मेणासारखे घट्ट होते. आतला छोटा कुत्रा (दात्यात अडकणारा आकडा) त्यात रुतून बसतो आणि स्प्रिंगला त्याला परत ढकलता येत नाही, म्हणून खटका पोकळ फिरतो. शिफ्टर उघडू नका, आतली स्प्रिंग उडाली तर बसवणे महाकठीण. केबल काढा. हेअर ड्रायरने शिफ्टर हाताला सोसेल इतका गरम करा. केबलच्या भोकातून आणि खटक्यांच्या फटीतून डब्ल्यूडी-४० भरपूर मारा, खालून तपकिरी पाणी गळेपर्यंत. दोन्ही खटके ४०-५० वेळा दाबा. तासाभराने पुन्हा. तीन-चार आवर्तनांत खटका धरू लागतो. शेवटी शिलाई मशीनचे तेल पाच-सहा थेंब. इथे जाड ग्रीस भरू नका, पुन्हा तेच दुखणे ओढवेल.

यानेही धरला नाही तरच नवीन. एम७३२ थंब शिफ्टर उत्तमच: ७ खटके (दर गिअरला एक ‘टक्’), शिवाय एक चकती फिरवली की बिनखटक्याचा फ्रिक्शन मोड. म्हणून तर त्यांना सोन्याचा भाव आहे. पण तुमच्या डेरेलरला डीएक्स किंवा एलएक्स (शिमानोचीच आणखी एक मालिका) यांचे ७-स्पीड थंब शिफ्टर तितकेच चालतात आणि बरेच स्वस्त मिळतात. शिमानोच्या टूर्नी मालिकेत ७-स्पीडचा साधा अंगठ्याचा शिफ्टर नवा कोराही मिळतो; दिसायला प्लास्टिकचा, कामाला चोख. सनटूरचे खटकेवाले मात्र घेऊ नका, त्यांचे केबल ओढण्याचे माप शिमानोशी जुळत नाही. सनटूरचे जुने फ्रिक्शनवाले चालतील, त्यात जुळवायला काही नसतेच.

एक मेख लक्षात ठेवा: तुमचा शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच जोडणीत आहेत. थंब शिफ्टर लावायचे तर वेगळे ब्रेक लिव्हरही लागू शकतात, तेही कॅन्टिलिव्हरच्या मापाचे. हा खर्च धरूनच हिशेब करा.

शोधताना नावाने नाही, मॉडेल नंबराने शोधा. ‘जुनी एक्सटी’ म्हणून शोधले तर १९८२ च्या हरणाच्या मुंडीच्या चिन्हापासून कालपरवापर्यंतचे सगळे समोर येते. आरडी-एम६५० (डीएक्सचे मागचे डेरेलर), एसएल-एम६५० (डीएक्सचे थंब शिफ्टर) असे टाका. जर्मनीत क्लाइनअनत्साइगन ही जाहिरातींची साइट, ब्रिटनमध्ये रेट्रोबाइकवरच्या विक्रीच्या जाहिराती, जपानी माल हवा तर तिथले लिलाव मध्यस्थामार्फत. अमेरिकेत मात्र तुमच्या भागातली सामुदायिक दुरुस्ती केंद्रे आधी पालथी घाला, तिथे खोक्यांत डीएक्स-एलएक्स पडून असते. आणि सुटे पार्ट जमवण्यापेक्षा त्याच काळातली, फ्रेम मोडकी असलेली पूर्ण सायकल उचलणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. केबलचे स्टॉप, स्ट्रॅडलचा (ब्रेकचे दोन आर्म जोडणारी आडवी केबल) त्रिकोण, मूळ वायसर, बोल्टची टोपणे असल्या चिल्लर गोष्टी सुट्या शोधायला गेलात तर पिसे निघतील.

विक्रेत्याकडून काय मागायचे: शिफ्टर असेल तर सातही खटक्यांचा आवाजासह व्हिडिओ. डेरेलर असेल तर पुलींचे दाते आणि हँगर बोल्टचा जवळून फोटो. क्रँक असेल तर आतल्या चौकोनी भोकाचा फोटो. चौकोनाचे कोपरे गोल झालेले असतील तर तो क्रँक कितीही आवळा, दर २० किमीला सैल होणार. ‘न वापरलेला, जुना साठा’ असे लिहिले असले तरी त्यातले ग्रीस तितकेच जुने असते, हे विसरू नका.

---

छर्रे_आणि_ग्रीस (पुणे)

हब आणि बीबीबद्दल. खरखर म्हणजे लगेच हब बाद असे नाही. मागच्या हबमध्ये दर बाजूला पाव इंची ९ छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या), पुढच्यात ३/१६ इंची १०, वाटी-कोनाच्या बीबीत पाव इंची ११. छर्रे नेहमी सगळे बदला, ग्रेड २५ चे घ्या, चारदोन डॉलरचे काम. जुन्यांत नवे मिसळले तर सगळा भार मोठ्या छऱ्यांवर येतो. रॉकेलने धुऊन कोन (एक्सलवरचा निमुळता नट, ज्यावर छर्रे धावतात) उजेडात फिरवा. ज्या पट्ट्यावर छर्रे धावतात तिथे बॉलपेनचे टोक ओढून बघा. अडकले तर खड्डा आहे, कोन बदला. कोन मिळतात. हबची वाटी खड्डेदार असेल तर मात्र हबच बदलायचा.

जुळवताना एक्सलला बोटांत फिरताना जाणवेल न जाणवेल इतका खेळ ठेवा. क्विक रिलीज आवळला की एक्सल किंचित दबतो आणि तो खेळ निघून जातो. टेबलावर अगदी नेमका जुळवलेला हब सायकलवर चढवल्यावर घट्ट होतो आणि वर्षात कोन खातो. ग्रीस सढळ हाताने. तुमच्या खाडीपलीकडे मरिन काउंटीत १९७६ मध्ये सुरू झालेल्या उताराच्या शर्यतीचे ‘रिपॅक’ हे नावच ग्रीसवरून पडले आहे: एका उतारात कोस्टर ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळायचे आणि खाली आल्यावर पुन्हा भरावे लागायचे.

बीबीसाठी नवा बंद कार्ट्रिज टाकलात तर बिघडत नाही, दिसतही नाही. जुन्या स्पिंडलची लांबी आणि शेलची रुंदी (६८ की ७३ मिमी) मोजून घ्या. बसवल्यावर सीटट्यूबच्या मध्यापासून मधल्या चेनरिंगच्या दात्यांपर्यंत साधारण ४७.५ मिमी यायला हवे. फार बाहेर गेले तर पुढचे डेरेलर मोठ्या चेनरिंगपर्यंत पोचत नाही, फार आत आले तर लहान चेनरिंग चेनस्टेला घासते.

चेन मोजा: १२ इंचांना १२ आणि १/१६ आले की बदला. १/८ पर्यंत गेली असेल तर कॅसेटही गेली समजा. ७-स्पीडची कॅसेट (१२-२८, १२-३२) नवी मिळते, ८-स्पीडची चेन तिला चालते. उद्या मागचे चाक ८-स्पीड बॉडीचे मिळाले तर ७ ची कॅसेट बसवताना तिच्या मागे ४.५ मिमीचा स्पेसर लागतो. तो विसरला की लॉकरिंग आवळूनही कॅसेट डुगडुगते.

व्ही-ब्रेक नको. तुमचे लिव्हर कॅन्टिलिव्हरचे, ते केबल कमी ओढतात. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते. मग रबर रिमला इतके चिकटून ठेवावे लागतात की चाकाला थोडा आउट आला तरी घासतात, आणि ओल्या उतारावर लिव्हर हँडलला टेकू शकतो. कॅन्टिलिव्हर नीट जुळवले की पुरेसे थांबतात. लोक बदनाम त्यांना करतात, चूक जुळवण्यात असते. नवे रबर बिनआट्याच्या गुळगुळीत दांडीचे घ्या, कूल-स्टॉपचे सॅमन रंगाचे चांगले. रबराच्या मागच्या टोकाखाली १ मिमी जाडीचा पुठ्ठा ठेवून बोल्ट आवळा, म्हणजे पुढचे टोक आधी टेकेल. किंचाळणे निम्म्याहून जास्त तिथेच संपते. स्ट्रॅडल केबलचा त्रिकोण जितका खाली, तितकी पकड जास्त; पण टायरपासून किमान २ सेंमी वर ठेवा, नाहीतर मुख्य केबल तुटल्यास स्ट्रॅडल टायरच्या गुट्ट्यांत अडकून पुढचे चाक जागीच थांबेल. आर्मच्या स्प्रिंगचा ताण दोन्ही बाजूंना सारखा करा. रिमच्या बाजूवर पट्टी आडवी धरा. मध्ये उजेड दिसेल इतकी खोलगट झाली असेल तर रिम झिजली, रबरावर पैसे घालू नका.

टायर २६ × २.१, रिमचे माप ५५९ मिमी. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडच्या साध्या सायकलींचा २६ × १⅜ म्हणजे ५९० मिमी, नावात २६ असले तरी तो या रिमवर बसत नाही. दुकानात इंच सांगू नका, टायरच्या कडेवरचा ५५९ हा आकडा बघून घ्या. छर्रे मुंबईत नागदेवी स्ट्रीटला डझनाने मिळतात, ग्रेड विचारून घ्या.

पावडर कोटिंग करू नका. त्या जाड थरात लगच्या धारदार कडा बुजतात, मूळ स्टिकर जातात आणि बीबीचे आटे, हेडसेटच्या बसण्याच्या जागा पुन्हा साफ कराव्या लागतात. वरवरच्या गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात साधारण २५ ग्रॅम, कापड भिजवून गुंडाळा आणि काही तास ठेवा. ते विषारी आहे, मोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमच्या पार्टना लागू देऊ नका. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा, खरचटल्या जागी टच-अप. ट्यूबच्या आत उकळलेले अळशीचे तेल (रंगाच्या दुकानात मिळते) ओतून फ्रेम सगळीकडून फिरवा, जास्तीचे गाळून एक-दोन आठवडे वाळू द्या. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

---

खडीचा_रस्ता

सगळ्यांचे आभार. फ्रेमला चीर नाही, दोऱ्यात १ मिमीचा फरक. हेअर ड्रायरच्या दुसऱ्या फेरीतच खटका धरला, त्यामुळे थंब शिफ्टर रद्द. सीटपोस्ट मात्र अमोनिया, कोरडा बर्फ, व्हाइस कशालाच बधला नाही, उलट डोके तुटले. करवतीऐवजी कॉस्टिक सोडा ओतावा असा सल्ला दुसरीकडून मिळाला. करू का?

---

लेथवाला

कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि स्टीलला सोडतो हे खरे. पण तो रंगही खातो, आणि मूळ रंग तर ठेवायलाच हवा. शिवाय ॲल्युमिनियम विरघळताना हायड्रोजन सुटतो आणि द्रावण आपोआप तापून उकळ्या फुटतात. ट्यूबच्या वरच्या तोंडातून उडालेला एक थेंब डोळ्यात गेला तर खेळ संपला.

करायचेच ठरवले तर: उघड्यावर, पूर्ण चेहरा झाकणारे शील्ड, कोपरापर्यंत रबरी मोजे. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. बीबी शेलकडून सीटट्यूबच्या तोंडात रबरी बूच ठोका. बाटलीच्या स्टँडची सीटट्यूबवरची दोन भोके स्टीलचे स्क्रू आणि रबरी वायसर लावून बंद करा. हे हमखास विसरते आणि द्रावण तिथून रंगावर ओघळते. ट्यूबमध्ये जास्तीत जास्त पाव लिटर मावते, पण तोंडापर्यंत भरू नका, फेस वर येतो. वरून रंगाला ग्रीसचा जाड थर आणि प्लास्टिक. काही तासांनी द्रावण काळे होऊन थंडावते, ते बदलावे लागते. शेवटी भरपूर पाणी, मग पातळ व्हिनेगर, मग पुन्हा पाणी.

मला विचाराल तर तुमच्याकडे आधीच २ सेंमीच्या वर खुंट शिल्लक आहे, करवतच घ्या.

पोस्ट निघाल्यावर ट्यूब लाकडी दांड्याला एमरी पेपर गुंडाळून साफ करा, १५० नंबर, मग २४०. नवा पोस्ट तुम्ही लिहून ठेवलेल्या मापाचाच. हे पोस्ट २६.४, २६.६, २६.८, २७.०, २७.२ असे ०.२ मिमीच्या पायऱ्यांनी मिळतात, आणि एक पायरी लहान पोस्ट क्लॅम्प आवळून ‘बसतो’ खरा. तो बसल्यावर खाचेची दोन्ही टोके एकमेकांना टेकलेली दिसली तर माप चुकले आहे. उलट, योग्य मापाचा पोस्ट जाताना अडकत असेल तर दुकानात परत करण्याआधी खाचेचे कान आत दबलेत का बघा. जुना क्लॅम्प वर्षानुवर्षे जास्त आवळलेला असला की तसे होते. पेचकसाने किंचित उघडा. पोस्टला ग्रीस लावा, आणि वर्षातून दोनदा काढून पुन्हा लावा.